उंदीर, मांजर आणि बारा सेंटिमीटरची चकती

‘अगं, पण हे सगळं ऑनलाइन मिळतं ना!’

माझ्या घरी पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण हॉलमधलं शेल्फ बघून हे वाक्य टाकतोच. शेल्फवर पुस्तकं कमी आणि डिस्क्स जास्त. त्यातही सिनेमे नाहीत, सीरियल्स नाहीत. आहेत ते बग्ज बनी, डॅफी डक, टॉम अँड जेरी आणि पॉपाय. मग पुढचा प्रश्नही ठरलेला. ‘भाच्यासाठी का?’ नाही हो. माझ्यासाठी. वय वर्षं अठ्ठावीस, लग्नाच्या बाजारात आईच्या मते बऱ्यापैकी डिमांड, आणि छंद म्हणजे सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे सात मिनिटांचे कार्टून्स गोळा करणे. बायोडेटात हा कॉलम रिकामाच ठेवलाय आईने.

तर ‘ऑनलाइन मिळतं’ या फंड्याचं काय झालं ते आधी ऐका. मार्च २०२५ मध्ये ‘लूनी ट्यून्स’चे सगळे जुने कार्टून्स, म्हणजे १९३० ते १९६९ या काळात थिएटरसाठी बनलेले, अमेरिकेतल्या मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेवरून गायब झाले. (एचबीओ मॅक्सचं नाव तेव्हा नुसतं मॅक्स होतं. त्याच वर्षी जुलैत ते परत एचबीओ मॅक्स झालं. आपल्याकडच्या बारशालाही इतका घोळ होत नाही.) गंमत अशी की कार्टून्सही वॉर्नरचे आणि दुकानही वॉर्नरचंच. परक्याने हाकललं असतं तर एक वेळ समजलं असतं. इथे घरच्या माणसांनीच आजोबांचा फोटो भिंतीवरून उतरवून ठेवला. २०२२ च्या शेवटीही यातला बराच माल असाच खाली उतरवला होता.

त्या दिवशी माझ्या शेल्फवर मात्र काहीही हललं नाही.

आता कुणी म्हणेल, कार्टूनच तर आहेत, एवढं काय! इथेच माझी सटकते. हे कार्टून्स निव्वळ पोरासोरांसाठी नव्हतेच. तेव्हाच्या अमेरिकेत तिकीट काढून आत बसलं की आधी बातमीपट, मग एखादा कार्टून आणि मग मेन पिक्चर. समोर ऑफिसातून दमून आलेली, तुमच्या-आमच्यासारखीच माणसं. त्यांना सात मिनिटांत हसवायचं. त्यासाठी स्टुडिओचा अख्खा ऑर्केस्ट्रा, कार्ल स्टॉलिंगचं संगीत, मेल ब्लँकचा आवाज आणि हाताने काढलेली हजारो चित्रं. चक जोन्सचा ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ (१९५७) बघा. वाग्नरच्या तासन् तास चालणाऱ्या ऑपेरांचा रस पिळून सात मिनिटांच्या आत बसवलाय, आणि नायिका कोण, तर वेणी घातलेला बग्ज बनी! अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत १९९२ मध्ये मान मिळवणारा हा कार्टून शॉर्ट. ऑफिसच्या लिफ्टची वाट बघण्यात आपण याहून जास्त वेळ घालवतो.

आणि ‘फीड द किटी’ (१९५२). एक दांडगा बुलडॉग, त्याच्या पाठीवर निवांत झोपणारं इवलंसं मांजराचं पिल्लू. त्या पिल्लाचं बिस्किटाच्या पिठाबरोबर काहीतरी भयंकर झालंय असं त्याला वाटतं. मालकीण त्याचं सांत्वन म्हणून हातात मांजराच्या आकाराचं बिस्कीट ठेवते. तो ते हळूच उचलतो आणि पाठीवर ठेवतो, पिल्लू झोपायचं तिथेच. बस. त्याच्या तोंडी एक डायलॉग नाही. सास-बहूच्या दोनशे एपिसोड्सना जे जमलं नाही ते या कुत्र्याच्या चेहऱ्याने केलंय. माझ्या रूममेटला हा कार्टून दाखवला तेव्हा तिने ‘डोळ्यांत काहीतरी गेलं’ म्हणून बेसिन गाठलं होतं.

आपल्या पिढीला हे सगळं भेटलं ते केबलवर. १९९५ मध्ये भारतात कार्टून नेटवर्क आलं. ते एवढं जुनं सामान घेऊन का आलं याचीही एक स्टोरी आहे. चॅनेल होतं टेड टर्नर यांच्या कंपनीचं, आणि टर्नरनी १९८६ मध्ये एमजीएमची अख्खी जुनी फिल्म लायब्ररी विकत घेतली होती. त्यात सगळे टॉम अँड जेरी आले आणि १९४८ च्या आधीचे बरेचसे वॉर्नर कार्टून्सही आले. हातात गोदाम भरून माल, म्हणून त्याचं चॅनेल काढलं. थोडक्यात, पुण्यातल्या सोसायटीत दूध-चपातीचा काला खाताना आपण जे बघत होतो ते आजी-आजोबांच्या तरुणपणीच्या हॉलिवूडचं होतं, आणि आपल्याला वाटायचं कालच बनलंय.

मग व्हीसीडी आल्या. दिवाळीत बाबा लक्ष्मी रोडवरून टॉम अँड जेरीच्या व्हीसीडी आणायचे. जेरी पळायला लागला की स्क्रीनवर चौकोन-चौकोन पसरायचे, जणू घरातल्या फरशाच पळतायत. सुरुवातीची नावं कापलेली, शेवट कापलेला. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. चित्र हलतंय ना, झालं तर!

खरी चटक लागली मास कॉमला असताना. एका सीनियरकडे ‘लूनी ट्यून्स गोल्डन कलेक्शन’चा पहिला भाग होता. २००३ चा, चार डिस्क्स, ५६ कार्टून्स. लॅपटॉपवर लावला आणि मी अक्षरशः पॉज करून बसले. गाजराचा रंग गाजराचा होता! मागची पार्श्वचित्रं जलरंगात काढलेली दिसत होती, ब्रशचे फटकारेसुद्धा. २००८ पर्यंत या मालिकेचे सहा भाग आले. पहिल्यात ५६ आणि पुढच्या प्रत्येकात साठ, म्हणजे ३५६. वॉर्नरने त्या काळात हजाराच्या आसपास कार्टून्स बनवले. करा हिशोब.

इथून पुढे माणूस कामातून जातो. लोक न्यू जर्सीच्या मावसभावाला चॉकलेटं आणि परफ्यूम सांगतात. मी त्याला सेकंडहँड दुकानांची यादी पाठवते. बिचारा एकदा डिस्नेचे ‘वॉल्ट डिस्ने ट्रेझर्स’ घेऊन आला. ते पत्र्याच्या डब्यात येतात, प्रत्येक डब्यावर नंबर. ते डबे बघून आईला वाटलं बिस्किटं. तो गैरसमज दूर झाला तेव्हाचा तिचा चेहरा त्या बुलडॉगसारखाच होता.

छंदाची खरी गंमत मात्र बारकाव्यांत आहे. एकच उदाहरण देते. जुन्या फिल्मवर धूळ असते, ओरखडे असतात. ते काढायला कंप्युटरवर एक प्रोसेस वापरतात, डीव्हीएनआर नावाची. एका फ्रेममध्ये दिसलेली आणि पुढच्या फ्रेममध्ये नसलेली बारीक रेघ म्हणजे ओरखडा, असं मशीनला वाटतं. माणसांच्या सिनेमात हे चालून जातं. कार्टूनमध्ये सगळा खेळच बारीक शाईच्या रेघांचा. बग्ज जोरात हात हलवतो, मशीन म्हणतं ओरखडा, आणि हाताची कडाच पुसून टाकतं! स्वच्छता करायला ठेवलेल्या माणसाने रांगोळीच झाडून काढावी तसं. म्हणून ‘रिमास्टर्ड’ हा शब्द दिसला की मी आधी पळापळीचा सीन लावते आणि रेघा मोजते. (हो, मला मित्रमैत्रिणी आहेत. कमी आहेत.)

दुसरा किस्सा नावांचा. वॉर्नरने १९४३ पासून जुने कार्टून्स ‘ब्लू रिबन’ नावाने पुन्हा थिएटरात आणायला सुरुवात केली. खर्च वाचवायचा, जुनाच माल नव्या पाटीखाली विकायचा. हे करताना कित्येकांच्या सुरुवातीची मूळ टायटल्स कापून टाकली. मूळ निगेटिव्हमधूनच. म्हणजे ज्या माणसांनी पाठ मोडेस्तोवर ती चित्रं काढली त्यांची नावंच गेली. तुमचं प्रेझेंटेशन बॉसने पहिली स्लाइड उडवून स्वतःच्या नावावर खपवलं तर कसं वाटेल? मग जगभरचे कलेक्टर्स आणि अर्काइव्हवाले मूळ टायटल्स असलेली एखादी जुनी प्रिंट कुठे पडली आहे का ते शोधत बसतात. ‘अ वाइल्ड हेअर’ (१९४०) हा बग्जचा खऱ्या अर्थाने पहिला कार्टून मानतात. त्यात बग्ज मागून येऊन एल्मर फडचे डोळे झाकतो आणि ‘ओळख पाहू’ म्हणतो. एल्मर नट्यांची नावं घेतो. मूळ कार्टूनमध्ये त्यातलं एक नाव होतं कॅरोल लोम्बार्डचं. १९४२ मध्ये ती विमान अपघातात गेली. म्हणून पुन्हा प्रदर्शित करताना तिथे बार्बरा स्टॅनविकचं नाव घातलं. दोन सेकंदांचा बदल. पण एका आवृत्तीत ती बाई जिवंत आहे आणि दुसरीत नाही, हे कळल्यावर तो जोक मी परत कधी आधीसारखा हसून ऐकलेला नाही.

आता टॉम अँड जेरी. इथे जरा थांबू या, कारण इथे प्रकरण रेघांच्या पुढे जातं.

हॅना आणि बार्बेरा या जोडीने १९४० ते १९५८ मध्ये एमजीएमसाठी ११४ टॉम अँड जेरी केले. सात ऑस्कर. त्यानंतर जीन डाइच यांनी प्रागमध्ये १३ आणि चक जोन्सनी ३४ केले, पण माझ्या लेखी खरी वारी ती या ११४ चीच. अमेरिकेत २००४ पासून ‘स्पॉटलाइट कलेक्शन’चे तीन भाग डीव्हीडीवर आले. तिसऱ्या, २००७ च्या भागात दोन कार्टून्स गाळले होते, ‘माउस क्लीनिंग’ (१९४८) आणि ‘कॅसानोव्हा कॅट’ (१९५१). मग २०११ मध्ये ब्ल्यू-रेवर ‘गोल्डन कलेक्शन’चा पहिला भाग आला, ३७ कार्टून्सचा, क्रमाने आणि देखणा. दुसरा भाग २०१३ मध्ये येणार असं जाहीर झालं, आणि यादीतून पुन्हा तेच दोघे गायब. कलेक्टर्सनी असा काही गोंधळ घातला की तो भाग आलाच नाही. सगळं मिळणार नसेल तर नको, अशी भूमिका! हट्टाला आपल्या पेठांतही मान मिळाला असता. पुढे वर्षानुवर्षं ना ते दोन, ना बाकीचे.

काय आहे त्या दोघांत? ‘माउस क्लीनिंग’च्या शेवटी टॉम कोळशाने काळा होतो आणि कृष्णवर्णीय माणसांची टिंगल करणाऱ्या, तेव्हाच्या सिनेमांत सर्रास चालणाऱ्या हेंगाड्या ढबीत बोलतो. ‘कॅसानोव्हा कॅट’मध्ये सिगारच्या धुराने जेरीचं तोंड काळं करतात आणि त्याला तसंच नाचायला लावतात. तुम्हाला ती घरातली बाई आठवते? जिचे फक्त पाय, मोजे आणि सपाता दिसायच्या, आणि जी झाडू घेऊन टॉमच्या मागे धावायची? ते मोलकरणीचं, साचेबंद कृष्णवर्णीय पात्र. लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा आवाज. १९५२ नंतर ते मालिकेतून गेलं. पण जुन्या कार्टून्सचं काय करायचं? साठच्या दशकात टीव्हीसाठी काहींमध्ये तिच्या जागी चक्क एक गोरी बाई नव्याने चितारली, आवाज जून फोरेचा. नव्वदच्या दशकात तिचे संवाद थिया विडालच्या आवाजात पुन्हा डब केले. एकाच कार्टूनची तीन रूपं, आणि टीव्हीवर कोणतं लागेल हे चॅनेल ठरवणार. कुठेही पाटी नाही, की बाबांनो, इथे काहीतरी बदललंय.

लहानपणी आपल्याला यातलं काय कळत होतं? घंटा. आपण जातीची भाषा ओळखतो, पोरंसोरंसुद्धा ओळखतात. कामवाल्या बाईला वेगळा कप हे आपल्या घरांत पाहिलेलं असतं. पण स्क्रीनवरची ती सपाता घातलेली बाई आपल्याला नुसती ‘टॉमची मालकीण’ वाटली. मी चोवीस वर्षांची असताना तिचा मूळ आवाज डिस्कवर ऐकला, तिच्याबद्दल वाचलं, आणि पोटात काहीतरी हललं. हसू बंद झालं नाही. पण त्या हसण्याला एक खडा लागला, आणि तो लागलेला बरा असं मला वाटतं. लूनी ट्यून्सच्या गोल्डन कलेक्शनमध्ये याची सोय छान केली आहे. तिसऱ्या भागात व्हूपी गोल्डबर्ग सुरुवातीला येऊन सांगते की यातली काही चित्रणं तेव्हाही चूक होती आणि आजही आहेत, पण ती लपवणं म्हणजे असं काही नव्हतंच असा आव आणणं. पुढच्या भागांत त्याच अर्थाची लेखी सूचना आहे. कात्री लावायची नाही, पण आधी सांगायचं. मला हे पटतं.

ताईला पटत नाही. ताईचा मुलगा सहा वर्षांचा, दर दुसऱ्या शनिवारी मुक्कामाला माझ्याकडे. ‘मावशी, जुनं टॉम अँड जेरी लाव’ ही त्याची फर्माइश. ताईचं म्हणणं, ‘तू हवं ते बघ गं, पण त्याला कशाला ते काळं तोंड नि नाच? शाळेत जाऊन कुणाची तशी नक्कल केली तर?’ मुद्दा चूक नाही. आम्ही ठरवलंय की त्याला कोणते कार्टून्स लावायचे ते ताई सांगेल. ती यादी फ्रिजवर चिकटवलेली आहे, मॅग्नेटखाली. तो दहा-बारा वर्षांचा झाला की फेरविचार. ‘पण मावशी, त्या बाईला तोंड का नाही?’ हे त्याने एका शनिवारी विचारलंच. मी म्हटलं, त्यांनी काढलंच नाही. तो म्हणाला, ‘मग मी काढतो.’ काढलंही. ताईसारखी दिसते.

डिसेंबर २०२५ मध्ये मात्र चमत्कार झाला. ‘गोल्डन एरा अँथॉलॉजी’ नावाने ब्ल्यू-रेवर सगळेच्या सगळे ११४ आले, त्या दोघांसकट, कापाकापी न करता. २०१३ मध्ये भांडलेले लोक आता पन्नाशी-साठीला आले असतील. वॉर्नर अर्काइव्हने लूनी ट्यून्सचेही ‘कलेक्टर्स चॉइस’ नावाचे भाग २०२३ पासून काढलेत, आधी डिस्कवर नीट न आलेल्या कार्टून्सचे. म्हणजे स्ट्रीमिंगवरून उतरवायचं आणि डिस्कवर चढवायचं, हे एकाच कंपनीत, एकाच काळात चाललंय. तुम्हाला कळलं तर मलाही सांगा.

आता तुम्ही म्हणाल, डिस्क काय अमर आहे का? नाही. आणि हे मी कलेक्टर असून सांगते. साधारण २००६ ते २००८ मध्ये छापलेल्या वॉर्नरच्या काही डीव्हीडी कपाटात ठेवल्या ठेवल्या आतून खराब होताना आढळल्या. २०२५ मध्ये कंपनीनेही ते मान्य केलं. माझ्या गोल्डन कलेक्शनचे चार, पाच आणि सहा हे भाग नेमके त्याच वर्षांतले, पॉपायचेही. बातमी वाचली त्या रात्री झोप उडाली. पुढचे दोन वीकेंड मी एकेक डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवली, मैत्रिणीच्या साखरपुड्याला उशिरा पोचले, पण सगळ्या चालल्या. आता वर्षातून एकदा, गणपतीच्या सुट्टीत, हा कार्यक्रम पक्का.

आमच्याकडे हे वेड ‘रिकामपणाचे उद्योग’ या सदरात मोडतं. तेव्हा मी दादासाहेब फाळक्यांचं नाव काढते. फाळक्यांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी आगकाड्या एकेक करून हलवून, फ्रेमगणिक चित्रित करून ‘आगकाड्यांची मौज’ नावाची छोटी फिल्म केली होती. मराठी माणसाने केलेलं ॲनिमेशन. आज ती कुठेही नाही. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा पूर्ण उरलेला नाही. लॉ कॉलेज रोडच्या फिल्म अर्काइव्हवरून बस जाते तेव्हा मला त्या आगकाड्या हटकून आठवतात. कुणा एका हौशी माणसाच्या माळ्यावर तिची प्रिंट असती तर?

असो. कुणाला हात घालायचाच असेल तर थोडं कामाचं बोलते. अमेरिकन डीव्हीडी रिजन १ च्या, आपला देश रिजन ५. त्यामुळे मल्टी-रिजन प्लेअर लागतो. वॉर्नर अर्काइव्हच्या ब्ल्यू-रे बहुतेक रिजन-फ्री असतात, तरी मागवण्याआधी विचारा. परदेशातून कुरिअरने मागवलं तर कस्टम ड्यूटीचं गणित आधी मांडा. माझं एक पार्सल तीन आठवडे कुठल्याशा गोदामात पडून होतं आणि आलं तेव्हा केसचे दोन तुकडे. डिस्क वाचली. त्यापेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेत जागा मिळवा. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, बाकी म्युझिक स्टोअर्सही एकामागोमाग मिटली, पण घरं आवरणारे लोक डिस्क्स रद्दीत काढतातच. पुण्यात जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर जा. डिस्क उन्हात तिरपी धरून मागची बाजू बघा. ओरखडे चालतील, तपकिरी ढग दिसला तर सोडून द्या. घासाघीस करा, पण कार्टूनचं नाव घेताना चेहऱ्यावर आनंद दिसू देऊ नका, भाव दुप्पट होतो.

आणि हो, पॉपायचा तिसरा भाग, १९४१ ते १९४३ वाला, दोन डिस्क्सचा. पहिले दोन आहेत माझ्याकडे. कुणाला दिसला तर उचलून ठेवा. पैसे देईन, वर वैशालीत कॉफीही पाजेन.